मऊ प्लास्टिकमधलं तेल आणि एका घरातली पाच वयं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सोलापुरातलं घर. तुम्ही ५८ वर्षांच्या, यजमानांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सून चार महिन्यांची गरोदर, अडीच वर्षांचा नातू, आणि शाळेसाठी तुमच्याकडे राहणारी लेकीची चौदा वर्षांची मुलगी. प्लास्टिक मऊ करणारी रसायनं माणसाच्या लघवीत सापडतात आणि लहान मुलांत जास्त सापडतात, असं तुमच्या वाचनात आलं. तुम्ही विचारता, सगळ्यांची तपासणी करून घ्यावी का, आणि घरातलं सगळं प्लास्टिक उचलून टाकावं का. शेंगा चटणी आणि पापड-कुरडयांचा घरगुती धंदा असल्यामुळे काळजी दुप्पट आहे, हेही लिहिलंत.

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण तुमची काळजी खोटी नाही. कोणाच्या अंगात किती आहे हे शोधण्यापेक्षा घरातली कोणती मऊ वस्तू कोणाच्या तोंडाला, अन्नाला किंवा रक्ताला लागते हे शोधा. तेवढं सापडलं की निम्मं काम होतं. बरंचसं तुमच्या घरच्या सवयींवर अवलंबून आहे, तेव्हा जे मला इथून दिसत नाही ते तुम्हालाच तपासावं लागेल.

मी बत्तीस वर्षं पीव्हीसी कंपाउंडिंगच्या, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकच्या पावडरीत बाकीचे घटक मिसळून माल तयार करायच्या कामात काढली, त्यातली बरीचशी चिंचोळी एमआयडीसीत. नंतरची काही वर्षं खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचा सल्ला देतो आहे. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचं जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

पीव्हीसीच्या पावडरीपासून मुळात कडक माल होतो. नळाचा करडा कडक पाइप तसा असतो, त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे मऊ करणारं रसायन, नसतं. त्याच पावडरीची नळी, रेक्झिन, रेनकोट किंवा फ्लेक्स करायचा तर मिक्सरमध्ये तेलासारखं पातळ प्लास्टिसायझर ओतावं लागतं. धंद्यात त्याला डीओपी म्हणतात, शास्त्रीय लिखाणात तेच डीईएचपी म्हणून येतं. ते थॅलेट नावाच्या रसायनांच्या कुळातलं. मऊ नळीच्या मालाला आम्ही १०० किलो रेझिनमागे (म्हणजे याच पावडरीमागे) ५० ते ६० किलो डीओपी घालायचो. म्हणजे हातात धरलेल्या नळीचा जवळपास तिसरा हिस्सा नुसतं तेल. हे तेल पीव्हीसीला रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, लोणच्याच्या फोडीत मुरावं तसं मुरलेलं असतं. मुरलेलं आहे म्हणूनच ते बाहेरही येतं. ऊन लागलं की येतं, तेला-तुपाला लागलं की फारच सहज येतं, आणि जितका वेळ लागून राहील तितकं जास्त येतं. पाण्यात मात्र ते फारसं विरघळत नाही.

एकदा मे महिन्यात मी पारदर्शक नळीचा बोटभर तुकडा काट्यावर तोलून काचेच्या बाटलीत शेंगदाण्याच्या तेलात बुडवला आणि बाटली गच्चीवर ठेवली. पंधरा दिवसांनी तुकडा बाहेर काढला. आधी तो बोटाला गुंडाळता येत होता, आता वाकवला की पांढरा पडून तडकत होता. पुसून तोलला तर वजन कमी भरलं. गेलेलं वजन कुठे गेलं असेल, ते बाटलीकडे बघून कळत होतं. तसलीच नळी आपल्याकडे तेलाच्या डब्यातून बरणीत तेल काढायला वापरतात. काही घाण्यांवर ताजं कोमट तेल तिच्यातूनच खाली उतरतं. तुम्ही चटणीच्या शेंगदाण्याबरोबर तेलही घाण्यावरून आणत असाल तर तिथली नळी एकदा हात लावून बघा. जुनी नळी कडक, पिवळट आणि तडकलेली दिसली तर तिच्यातलं डीओपी कुणाच्या तरी पोटात गेलेलं आहे. मालकाला स्टीलची तोटी किंवा सरळ नरसाळं लावायला सांगा. खर्च फार नाही.

आता सगळं प्लास्टिक का टाकू नये ते सांगतो. मऊ दिसतं ते सगळं प्लास्टिसायझर घातलेलं नसतं. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन स्वभावानंच लवचिक असतं, त्यात हे तेल घालावं लागत नाही. चांगल्या प्रतीचे पॉलिप्रॉपिलिनचे डबे, पाण्याचे निळे एचडीपीई ड्रम, पाण्याच्या पेट बाटल्या यांतही ते घालत नाहीत. पेटच्या पूर्ण नावात ‘थॅलेट’ असा शब्द येतो म्हणून लोक घाबरतात. ते वेगळं रसायन आहे. याचा अर्थ या वस्तूंत उकळता रस्सा ओता असा नाही. पण भीतीचं वजन योग्य ठिकाणी पडावं.

ओळखायचं कसं? वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ३ आकडा असेल तर पीव्हीसी. आकडा नसेल तर नखाएवढा तुकडा कापा, वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून तुकडा बुडवा आणि बोटानं चोळून त्याला चिकटलेली हवा काढा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं. सिलिकोनही बुडतं, त्यामुळे बाटलीचं सिलिकोनचं बूच बुडालं म्हणून घाबरू नका. मऊ आहे, बुडतं, नवेपणी रेनकोटसारखा वास होता आणि जुनेपणी चिकट झालंय, अशा चारही खुणा जुळल्या तर मला वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

आता वयांकडे येतो. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेनं २०१९ मध्ये डीईएचपी आणि त्याच्या जवळच्या तीन थॅलेटांसाठी मिळून एक रोजची मर्यादा ठरवली. वजनाच्या दर किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. हिशेब करून बघा. तुमचं वजन ६० किलो धरलं तर तुमची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम होते, आणि १२ किलोच्या नातवाची ६००. तिकडच्या माणसांच्या अन्नातून जाणारं प्रमाण या मर्यादेच्या बरंच खाली आढळलं, तेव्हा घाबरून जाण्याजोगं चित्र नाही. पण नातवाचा वाटा तुमच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे आणि तो किलोमागे तुमच्यापेक्षा जास्त खातो, जास्त पितो, जास्त श्वास घेतो. वर तो जमिनीवर खेळतो. मऊ पीव्हीसीतून सुटलेला अंश घरातल्या धुळीत बसतो, धूळ हाताला लागते आणि हात तोंडात जातो. अमेरिकेत १९९९ पासून लोकांच्या लघवीच्या नमुन्यांत हे पदार्थ मोजतात. तिथेही डीईएचपीचे अंश मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त दिसले. डीईपी नावाच्या दुसऱ्या थॅलेटाचं मात्र उलट, ते मोठ्यांत जास्त. कारण ते सुगंधी वस्तूंतून येतं. वयाप्रमाणे प्रमाण बदलतं आणि कोणतं रसायन येतं हेही बदलतं.

नातवासाठी करायचं ते साधं आहे. फरशी ओल्या फडक्यानं पुसा. कोरड्या झाडूनं धूळ उडते आणि पुन्हा बसते. जेवणाआधी त्याचे हात धुवा. तो ज्यावर लोळतो ती चटई मऊ पीव्हीसीची असेल तर काढा आणि सोलापुरी चादर अंथरा, ती धुताही येते. खेळण्यांचं म्हणाल तर आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्या मानकांत थॅलेटांची चाचणीही येते. गड्ड्याच्या यात्रेत मिळणारी दाबली की शिट्टी वाजणारी मऊ खेळणी हातात घ्या आणि मार्क शोधा. मार्क नसेल तर पोराचा हट्ट लाकडी गाडीवर भागवा. दात येताना चावायला गाजराचा थंड तुकडा देऊ नका, घशात अडकतो. ओलं सुती फडकं चांगलं.

नातीच्या दप्तरातलं वासाचं मऊ खोडरबर बघा. ते बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं आणि मुलं ते चघळतात. नेलपॉलिश, बॉडी स्प्रे, अत्तर यांतून येणारं प्रमाण या वयात वाढायला लागतं. चौदाव्या वर्षी मुलीला ‘लावूच नको’ म्हणून भागत नाही, हे मला माझ्या मुलीमुळे ठाऊक आहे. रोज लावायचं ते बिनवासाचं घे आणि सणासमारंभाला हवं ते लाव, एवढ्यावर आमची तडजोड झाली होती. उदबत्तीच्या सुगंधातही डीईपी वापरतात. देवघराची खिडकी उघडी ठेवून एक काडी लावा, बंद खोलीत पाच नकोत.

सुनेच्या बाबतीत मी जास्त काळजीपूर्वक बोलतो. हे पदार्थ नाळेतून बाळापर्यंत जातात, गर्भजलातही सापडलेले आहेत. नर उंदरांच्या पिल्लांवर जास्त मात्रेत त्यांचा परिणाम स्पष्ट दिसला, कारण काही थॅलेट पुरुष संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात. माणसांत २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आईच्या लघवीतलं प्रमाण आणि मुलग्याच्या शरीररचनेतला बारीक फरक यांचा संबंध दिसला. नंतरच्या अभ्यासांत सगळीकडे सारखं दिसलं नाही. म्हणून मी ‘सिद्ध झालं’ म्हणणार नाही, आणि ‘काही होत नाही’ असंही म्हणणार नाही. गरोदरपणाचे महिने पुन्हा मिळत नाहीत. तेवढ्या काळात जे फुकट टाळता येतं ते टाळावं. चार महिने होऊन गेले म्हणून तिच्या मनाला मात्र लावून देऊ नका. या रसायनांचा स्वभाव असा की शरीर ती साठवत नाही, दिवसभरात बहुतेक लघवीवाटे निघून जातात. रोज नवी येतात म्हणून ती रोज सापडतात. आज बंद केलं की परवा फरक पडतो. आणि बाळ झाल्यावर अंगावरच पाजा. दुधात हे अंश सापडतात असं कोणी सांगितलं तरी आईच्या दुधाला तोड नाही.

यजमानांचं वेगळं. डायलिसिसच्या रक्ताच्या नळ्या बहुधा मऊ पीव्हीसीच्याच असतात आणि रक्तात चरबी असते, त्यामुळे तुमच्या घरात सगळ्यात जास्त संपर्क कदाचित त्यांचाच. तरीही एकही डायलिसिस चुकवायचं मनात आणू नका. तो उपचार त्यांना जगवतो आहे आणि त्याच्या तोलात हा धोका लहान आहे. रक्ताच्या पिशवीत तर हेच डीईएचपी तांबड्या पेशी टिकवायला मदत करतं, म्हणूनच ते इतकी वर्षं तिथे आहे. सेंटरवर एवढंच विचारा की डीईएचपी नसलेल्या नळ्या मिळतात का. पाकिटावर तसं छापलेलं असतं. मिळाल्या तर घ्या, नाही मिळाल्या तर उपचार चालू ठेवा. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातही हाच मुद्दा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्येच मुलग्यांसाठी जिथे शक्य असेल तिथे पर्यायी साहित्य वापरा असा सल्ला दिला होता, आणि आवश्यक उपचार टाळू नका असंही सांगितलं होतं.

तुमचं स्वतःचं, ताई, वयामुळे कमी आणि धंद्यामुळे जास्त. इथे मला थोडं विस्तारानं लिहायचंय, कारण तुमचा माल दुसऱ्यांच्या घरात जातो.

सोलापुरात उन्हाळ्यात गच्च्यांवर वाळवण कशावर घालतात? वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सवर. फुकट मिळतो, मोठा असतो, धुतला की स्वच्छ दिसतो. मी एका ओळखीच्या घरी एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर गेलो होतो. ऊन बेचाळीसच्या पुढे. फ्लेक्सवर कुरडया घातलेल्या, खाली कुणाचा तरी हात जोडलेला फोटो. एक कुरडई उचलली तर ती सहज सुटेना, आणि सुटली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला अगदी फिकट निळी झाक होती. फ्लेक्स म्हणजे कापडाच्या जाळीवर चढवलेलं मऊ पीव्हीसी आणि त्यावर छपाईची शाई. त्यावर ऊन आणि ओला चीक, तोही दिवसभर. बाईंनी ती कुरडई मला दाखवून म्हटलं, “तळल्यावर दिसत नाही.” खरं होतं, दिसत नाही. शाई दिसत नाही आणि फ्लेक्समधलं डीओपीही दिसत नाही. त्या घरी मी त्याच दिवशी जुनी धुतलेली धोतरं अंथरायला लावली. धोतरावर चीक थोडा चिकटतो, मागून पाण्याचा हात फिरवला की सुटतो, हे त्यांच्या सासूबाईंना आधीपासून माहीत होतं. खाली आधार हवा तर बाज किंवा चटई ठेवा, फ्लेक्स खाली असला तरी मधे जाड कापडाचे दोन पदर असू द्या. लाल मिरच्या, शेवया, सांडगे, सगळ्यालाच हे लागू.

चटणी गरम असताना पिशवीत भरू नका. कुटल्यावर तिला तेल सुटतं आणि तीच आपल्या चटणीची खूण. परातीत पसरून गार होऊ द्या. पाकीट खाद्यपदार्थांसाठीचं म्हणून विकत घ्या, बिलावर तसं लिहून घ्या. भंगारापासून केलेल्या काळ्या-रंगीत पिशव्यांत काय मिसळलंय ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर्तमानपत्रात खाण्याचं बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे, ते पाळाच. काचेच्या बाटलीत भरत असाल तर पत्र्याच्या झाकणाच्या आतली मऊ कड बघा, तीही पीव्हीसीची असते. बाटली उभी ठेवा, तेल झाकणाला लागून राहू देऊ नका.

मसाल्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात पाच कुटुंबांतल्या वीस माणसांना तीन दिवस पॅकबंद काहीच न देता ताजं जेवण दिलं. डीईएचपीचे अंश निम्म्याच्या खाली आले. दोन वर्षांनी सिएटलमधल्या दुसऱ्या संशोधकांचा दहा कुटुंबांवरचा असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही कुटुंबांना सगळं प्लास्टिकला न लागलेलं जेवण दिलं, आणि त्यांच्यात प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी भलतंच वाढलं. शोधलं तर धन्याच्या पुडीत डीईएचपी भरपूर सापडलं. स्वयंपाकघर निर्मळ होतं, मसाला वाटेत कुठेतरी बाटला होता. म्हणून धने-मिरची अख्खी आणा, निवडा, उन्हात कापडावर घाला आणि डंकावर समोर उभं राहून काळा मसाला कुटून घ्या. आपल्या आया हे इतर कारणांसाठी करायच्या, आपल्याला आणखी एक कारण मिळालं.

तपासणीला मी नको का म्हणालो तेही आता लक्षात येईल. लघवीचा एक नमुना कालच्या दिवसाची गोष्ट सांगतो, आणि सकाळचा व संध्याकाळचा आकडा एकाच माणसात वेगळा येतो. हजारो लोकांचे आकडे एकत्र केले की देशाचं चित्र कळतं. एका माणसाच्या आकड्यावरून कोणताही डॉक्टर औषध देऊ शकत नाही. ते पैसे स्टीलच्या डब्यांना आणि धोतरांना घाला.

थोडक्यात, तुमच्या घरचा क्रम मी असा लावीन: सुनेच्या आणि नातवाच्या ताटात जाणारं तेल, मसाला, वाळवण आधी. नातवाची जमीन आणि खेळणी त्याच्या मागोमाग. नातीच्या सुगंधी वस्तू सवडीनं. यजमानांच्या नळ्यांची नुसती चौकशी.

एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले असतात. मी वर म्हटलं की एचडीपीईचा ड्रम ठीक. पण नवा असेल तर. मी ज्या कारखान्यात होतो तिथे डीओपी दोनशे लिटरच्या ड्रममधून यायचं. रिकामे ड्रम भंगारवाला घेऊन जायचा, आणि पुढे त्यांचं काय होतं हे आम्ही कोणी विचारलं नाही. आमच्याच मिक्सरवर काम करणाऱ्या एका मदतनिसाच्या घरी मी बारशाला गेलो होतो. मोरीजवळ निळा ड्रम, त्यावर स्टीलचं झाकण, झाकणावर तांब्या. कागदी लेबल खरवडून काढलेलं, पण डिंकाच्या डागात दोन अक्षरं अजून वाचता येत होती. ड्रमच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोट पाण्यात धुऊनही निसरडं राहिलं. त्याच पाण्यानं बाळाला आंघोळ घातली होती आणि त्याच पाण्यावर स्वयंपाक होत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला नवा ड्रम घेऊन दिला आणि कारखान्यात रिकामे ड्रम भोक पाडूनच बाहेर द्यायचे, यासाठी भांडलो. वर्षभर लागलं, पण झालं.

तर ताई, आज संध्याकाळी तुमचे ड्रम बघा. नवे घेतलेले की भंगारातून आणलेले ते आठवा. लेबलाची खूण, कोरलेली अक्षरं, आतून निसरडेपणा किंवा पाण्यावर तेलाची झाक, यांतलं काहीही दिसलं तर तो ड्रम पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यातून आजच बाद करा. धुऊन उपयोग नाही, तेल प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. झाडांनाही ते पाणी नको. ड्रमला मोठं भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या मोरीत जाणार नाही. लेबलावर जे काही वाचता येईल ते इथे लिहा, कशाचा ड्रम आहे ते मी सांगतो.